म्हापशातल्या आमच्या वकिलीणबाई गेल्या

शुक्रवारचा_बाजार
काल शुक्रवार म्हणून म्हापशाला गेले होते, मिरगाच्या आधी पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायचं, सामान घेऊन ठेवावं म्हणून, सुकी सुंगटं, भिन्नां, मीठ, मिरच्या. मिरच्या मी कायम एकाच बाईकडून घेते, तिनं तराजू हातात धरूनच सांगितलं, "आमची वकिलीण गेली गो." मला आधी कळेचना कोण, मग कळलं आणि मी पिशवी तिथेच खाली ठेवली. तिचीही केस त्यांनीच लढवली होती हे मला कालच समजलं, इतकी वर्षं मिरच्या घेतेय.

नाव मुद्दाम लिहीत नाही, घरच्यांना आवडेल न आवडेल. म्हापशात घटस्फोटाच्या केसेस करायच्या, फार्मसीच्या वर लाकडी जिन्याचं ऑफिस, एवढ्यावरून ओळखणारे ओळखतील.

मी त्यांच्याकडे गेले त्याला वीसेक वर्षं झाली. तयारी करून गेले होते, काय काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, बसमध्ये मनात दहा वेळा घोकलं होतं. मी तोंड उघडलं आणि त्यांनी हात वर केला. "दुख्ख मागीर सांग. पयलीं घर सांग." आणि फुलस्केपची कोरी वही पुढे सरकवली. घरी जा, एकेका खोलीत उभी राहा आणि दिसेल ते लिहून काढ, म्हणाल्या. मेजापासून मुसळापर्यंत. मला इतका राग आला होता, म्हटलं मी इथे मरायला टेकलेय आणि ही बाई भांडी मोजायला सांगते.

पण लिहायला बसले. गोदरेज कपाट एक. फ्रीज एक, दार नीट लागत नाही. रगडो (नवऱ्याच्या आजीचा), म्हणजे वाटणाचा दगड. तांब्याचं भाण एक, बुडाला भोक. असं करत करत देवखोलीपर्यंत आले आणि तसबिरींच्या मागे पासबुकं सापडली, दोन, मला माहीतच नव्हती, आणि कोलवाळच्या प्लॉटचे कागद. तोवर मी समजत होते की मी जाताना माझे कपडे आणि आईनं दिलेल्या बांगड्या घेऊन जाणार, बाकी सगळं त्यांचं. बाईंनी लाल पेन्सिल घेतली आणि यादीवर खुणा करत गेल्या. मी म्हणत होते हे लग्नाआधीचं, हे सासऱ्यांचं त्यांना आलेलं, आणि त्या मान वर न करता, "अर्दें तुजें. अर्दें तुजें." अकरा पानं झाली होती. त्या अकरा पानांनंतर मी दुःख सांगितलंच नाही, सांगायचं राहूनच गेलं.

ज्यांना आठवणी असतील त्यांनी लिहा.

ओले_काजू
अरेरे. विनम्र श्रद्धांजली. माझ्या मावशीची केस त्यांच्याकडे होती. मावशी अजून "माझी वकिलीण" असंच म्हणते, जसं लोक "माझा डॉक्टर" म्हणतात.

पुणेरी_पाहुणा
वाचून छान वाटलं, श्रद्धांजली. पण एक विचारू का, राग नको, घटस्फोटाच्या वकिलाबद्दल इतकं प्रेमानं लिहिलेलं मी पहिल्यांदाच वाचतोय. आमच्याकडे फॅमिली कोर्टाबाहेर दोन्ही बाजू वकिलाच्या नावानं बोटं मोडत असतात. आणि हे "अर्धं तुझं" काय प्रकरण आहे? पोटगी म्हणायचंय का? सासऱ्यांकडून आलेल्यात सुनेचं अर्धं कसं?

सरकारी_बाबू
पाहुणेबाब, पोटगी वेगळी आणि हे वेगळं. मी सिव्हिल रजिस्ट्रारच्या ऑफिसात उभी नोकरी काढली, आता रिटायर, म्हणून सांगतो, जरा लांबेल.

आमच्याकडे तुमचा हिंदू विवाह कायदा नाही. गोव्यात पोर्तुगीजांचा १८६७चा सिव्हिल कोड, त्यावर १९१०चे लग्नाचे आणि घटस्फोटाचे कायदे. पोर्तुगालात ऑक्टोबर १९१०मध्ये राजा गेला, रिपब्लिक आलं आणि महिन्याच्या आत, ३ नोव्हेंबरला, घटस्फोटाचा कायदा करून मोकळे. तुमच्याकडे अख्ख्या देशातल्या हिंदूंना घटस्फोट मिळाला १९५५ला, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला, पोर्तुगीज गेले, कायदा राहिला, १९६२च्या कायद्यानं तो चालू ठेवला. वारसाहक्काचा भाग पुढे गोवा विधानसभेनं नव्यानं लिहिला, तो २०१६च्या डिसेंबरात लागू झाला, पण गाभा तोच.

आता अर्धं. लग्नाआधी नोटरीकडे वेगळा करार केला नसेल तर लग्न झाल्या क्षणापासून दोघांचं सगळं एक होतं. आधीचं, नंतरचं, वारशानं आलेलं, सगळं. नवऱ्याला घर विकायचं झालं तर बायकोची सही लागते. इन्कमटॅक्सवाल्यांनासुद्धा हे मानावं लागलं, त्यांच्या कायद्यात यासाठी वेगळं कलम आहे, पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोच्या नावावर अर्धं अर्धं दाखवायचं. आणि करार करायचा तो लग्नाआधीच, नंतर बदलता येत नाही.

आता खरी गोष्ट. लग्नाची नोंद करायला आमच्याकडे दोनदा यावं लागतं. पहिल्यांदा येऊन लग्न करायचंय म्हणून सांगायचं, मग पंधरा दिवसांनी साक्षीदार घेऊन पक्क्या सह्या. लोकांना वाटतं ही नुसती फॉर्मॅलिटी, खरं लग्न मांडवात. नाही, खरं लग्न ते रजिस्टर. आणि ही बाई काय करायची, कोर्टाची तारीख लवकर आटोपली की आमच्या व्हरांड्यात येऊन उभी राहायची आणि सह्यांना आलेल्या जोडप्यांना विचारायची, "वाचलें?" बस एवढंच. कुणी म्हणायचं हो, कुणी हसायचं. एकदा नवऱ्या मुलाचा मामा अंगावर धावून आला, शुभकार्याच्या दिवशी घटस्फोटवाली समोर आली, अपशकुन झाला म्हणून. मलाही राग यायचा, खरं सांगतो, रांग अडायची. एकदा मी म्हटलंही, बाई तुम्ही इथे गिऱ्हाईक शोधता की काय. त्या म्हणाल्या, "हांगा वाचलें जाल्यार म्हजें गिऱ्हाईक उणें जातलें मरे." म्हणजे इथे वाचलं तर माझं गिऱ्हाईक कमी होईल. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी शिक्का मारत राहिलो.

पुणेरी_पाहुणा
बापरे. धन्यवाद काका. म्हणजे मांडवात न बसताही लग्न झालेलं असतं?

खतखतें
पाहुण्या, त्याचं जिवंत उदाहरण मी!!

माझ्या डोक्यावर अक्षता कधी पडल्याच नाहीत आणि तरी मी घटस्फोटित आहे. आमच्याकडे पद्धतच आहे, हॉल मिळेल तेव्हा मिळेल, आधी सह्या उरकून घ्या, काहींना पासपोर्टला लागतं, काहींना कर्जाला. आम्ही सह्या केल्या मार्चमध्ये आणि मांडव डिसेंबरमध्ये धरला होता. मधल्या नऊ महिन्यांत जे व्हायचं ते झालं, कारण सांगत नाही, क्षुल्लक वाटेल तुम्हाला, मला तेव्हा वाटलं नव्हतं. दोन्ही घरच्यांनी नारळ परत केला आणि सगळे म्हणाले सुटलो. चार महिन्यांनी दुसरं स्थळ आलं तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला, की अरे ही तर लग्न झालेली आहे.

आधी एका दुसऱ्या वकिलाकडे गेलो. तो म्हणाला फसवणूक झाली असं लिहू, लग्नच रद्द करून घेऊ, झटपट. बाबांना पटलं. पण कुणीतरी बाईंचं नाव सांगितलं म्हणून एकदा विचारून घ्यावं म्हणून गेलो. त्यांनी मला विचारलं, त्यानं तुला फसवलं का? मी म्हटलं नाही, आमचं जमलं नाही. मग म्हणाल्या मी लिहिणार नाही. संमतीनं घटस्फोट घ्या. पण त्याला लग्नाला दोन वर्षं व्हायला लागतात आणि दोघांचं वय पंचवीस पुरं लागतं. मी चोवीसची!! म्हणजे सही करायला मी मोठी होते आणि सही सोडवायला लहान. आई तिथेच रडायला लागली, लोक काय म्हणतील, वय निघून जाईल. बाई आईला म्हणाल्या, "खोट्यानं सुटली तर त्या मुलाच्या कपाळावर आयुष्यभर फसवणारा म्हणून लिहिलेलं राहील, त्यालापण आई आहे." आणि मग माझ्याकडे वळून एकदम वेगळ्याच आवाजात, "एम.कॉम. अर्धं सोडलंयस म्हणे, ते का?"

थांबले. एम.कॉम. झालं. मग सुटले. तो मुलगा आता फेसबुकवर मित्र आहे, दिवाळीला करंज्यांचे फोटो टाकतो.

ओले_काजू
@खतखतें, हसू की रडू कळत नाहीय :)

अर्ध्याचा_मालक
सगळे कौतुक करताहेत म्हणून मी पण लिहितो. मी समोरच्या बाजूचा. ती माझ्या बायकोची वकील होती.

माझ्याकडे दोन टिपर, म्हणजे खनिज वाहायचे ट्रक, होते, डिचोलीच्या बाजूला मायनिंगवर चालायचे. २०१२ला मायनिंग बंद पडलं आणि टिपर अंगणात उभे, त्यावर गवत उगवलं, हप्ते काय थांबत नाहीत. घरात भांडणं त्याच्यावरूनच वाढली, बाकी कारणं होती, माझीही चूक होती, ते सोडा. ती बया कोर्टात उभी राहायची तेव्हा मला घाम फुटायचा. आवाज कधी चढवला नाही. मला साक्षीत विचारलं, घरातला कुकर किती लिटरचा? मला माहीत नाही. मुलीच्या बुटाचा नंबर? माहीत नाही. टिपरच्या टायरचा नंबर? तो मी फाडकन सांगितला. कोर्टात लोक हसले. तो दिवस मी विसरलेलो नाही आणि त्याबद्दल मी तिला माफही केलेलं नाही, मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये पण आहे ते आहे.

पण मालमत्तेची यादी झाली तेव्हा एक गोष्ट झाली. माझ्या वकिलानं यादीत टिपर घातले, घर घातलं, माडांची बाग घातली, कर्ज घातलंच नाही. विसरला की काय देव जाणे, त्याची फी मात्र विसरला नव्हता. कर्ज तिनं घातलं. समोरच्या बाजूच्या वकिलानं. मिळकत अर्धी तसं कर्जही अर्धं, माझी पक्षकार तिचा अर्धा भाग घेईल, असं लेखी दिलं. मी बघतच राहिलो.

डिचोलीवाली
म्हणजे देवमाणूस होत्या हो, स्वतःच्या पक्षकाराविरुद्ध जाऊन खरं बोलायचं म्हणजे

अर्ध्याचा_मालक
देवमाणूस वगैरे नाही ताई. मी नंतर विचार केला. त्या कर्जावर बायकोचीही सही होती. यादीत नसतं तर मी बुडालो असतो आणि बँक दोन वर्षांनी बायकोच्या माहेरी जाऊन उभी राहिली असती. तिनं ते आधीच वाटून बंद करून टाकलं. हुशार होती. माझं भलं झालं ते वाटेत झालं.

पण झालं.

सरकारी_बाबू
बरोबर बोललात बाब. आणि कुकरचा प्रश्न ती सगळ्यांनाच विचारायची, मनाला लावून घेऊ नका. माझ्या भाच्यालाही विचारला होता. त्यानं पाच लिटर सांगितलं, तीनचा निघाला.

डिचोलीवाली
माझ्या धाकट्या बहिणीचं सांगते. भावोजींना कॅसिनोचा नाद. आता २०२०पासून गोंयकारांना आत सोडत नाहीत पण ही त्याआधीची गोष्ट, मांडवीत उभ्या जहाजांवर रात्र रात्र. मारत नव्हते, पीत नव्हते, दुसरी बाई नव्हती. सासू म्हणायची एवढ्या गुणाच्या नवऱ्याला सोडून जाशील कुठे. आणि आम्हालाही वाटायचं की कोर्टात सांगायचं काय, कायद्याला मारहाण लागते, निदान दारू तरी.

बाईंनी एक जुनं जाड पुस्तक काढलं, पानं पिवळी, वाळवीनं कडा खाल्लेल्या, मूळ पोर्तुगीज. आमच्यासमोर बोट ठेवून एकेक कारण मराठीत सांगत गेल्या. व्यभिचार. छळ. तीन वर्षं घर टाकून जाणं. चार वर्षं बेपत्ता. दहा वर्षं वेगळं राहणं. आणि मग बोट थांबलं, "जुगाराचें जुनें व्यसन." बहिणीनं दोनदा वाचायला लावलं. १९१०मध्ये लिस्बनमध्ये बसून कुणीतरी हे लिहून ठेवलं होतं, त्याला काय मांडवीतली लाईट लागलेली जहाजं दिसली होती? बहीण त्या दिवशी पहिल्यांदा हसली. म्हणाली, मग हे फक्त माझ्याच नशिबात आलेलं नाही.

अवांतर: फी मात्र कडक होती हो. हप्त्यानं घ्यायच्या पण सोडायच्या नाहीत. पावती हातात द्यायच्या.

एसीवाला
मी इथे कधी लिहीत नाही, नुसतं वाचतो. मराठी टाईप करायला वेळ लागतो, चुका पोटात घाला.

माझे आईबाबा वेगळे झाले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. कोर्टानं सांगितलं रविवारी दहा ते पाच बाबांनी मुलाला भेटायचं. पण भेटायचं कुठे, आईच्या घरी बाबा येणार नाहीत, बाबांच्या घरी आई पाठवणार नाही. मग बाईंनी सांगितलं माझ्या घरी सोडा. त्यांच्या घराला मोठा बलकांव होता, म्हणजे दारापुढची ओसरी, दोन्ही बाजूंना सोपे, म्हणजे बसायचे कट्टे, लाल सिमेंटचे, दुपारी पण थंड. रविवारी तिथे आम्ही चार-पाच मुलं तरी असायचो, सगळी वाटून घेतलेली मुलं. त्यांची स्वतःची दोन होती ती पण आमच्यातच. कॅरम होता, त्याचा स्ट्रायकर हरवलेला म्हणून जुन्या पोर्तुगीज नाण्यानं खेळायचो.

माझे बाबा उशिरा यायचे. कधी अकरा, कधी बारा, कधी यायचेच नाहीत. बाकीच्यांचे बाबा येऊन त्यांना घेऊन जायचे, आईस्क्रीमला, मिरामारला, मी सोप्यावर बसून गेटकडे बघायचो. बाई कधी म्हणाल्या नाहीत की येतील रे. कधी म्हणाल्या नाहीत की येणार नाहीत. त्या आतून फायलींचा गठ्ठा आणायच्या, एक पंचिंग मशीन आणि हिरव्या टॅगची जुडी. कोऱ्या कागदाची अर्धी घडी घालायची, मधली खूण काढायची, ती मशीनच्या बाणाला लावायची, मग दाबायचं. नाहीतर भोकं वरखाली होतात आणि फाईल वाकडी बसते. टॅग मागून पुढे घालायचा आणि गाठ सैल ठेवायची, जजला पान उलटता आलं पाहिजे. एका फायलीला चार आणे. कागद कोरे असायचे, लिहिलेले कधी आमच्या हातात दिले नाहीत. मला वाटायचं मी केवढं मोठं काम करतोय. बाबा आले की मी म्हणायचो थांबा जरा, एवढ्या दोन राहिल्यात. ते थांबायचे. मग मी त्यांना वाट बघायला लावायचो.

आता एसी रिपेअरचं काम करतो, पर्वरीला. माझं बिलबुक, वॉरंटी कार्डं, सगळं टॅग लावलेलं असतं. कामाला ठेवलेली पोरं हसतात.

बाबा पण गेले मागच्या वर्षी. बाई त्यांच्या मर्तिकाला आल्या होत्या, काठी घेऊन. माझ्या हातात एक पाकीट दिलं, घरी येऊन उघडलं तर हिरवे टॅग. जुडी.

शुक्रवारचा_बाजार
@एसीवाला, भाऊ, चुका कुठेच नाहीत.

खतखतें
मी ऑफिसमध्ये बसून वाचतेय आणि डोळे पुसतेय, बॉस विचारतोय काय झालं

नवा_गडी
एक ऐकीव आहे, खरं खोटं माहीत नाही, की त्यांचा स्वतःचाही घटस्फोट झाला होता म्हणून त्या या लायनीत आल्या. आमच्या गावात तरी सगळे असंच म्हणायचे. एकट्यानंच मुलं वाढवली ना त्यांनी?

तिची_थोरली
नमस्कार. मी त्यांची मुलगी. कुणीतरी लिंक पाठवली. रात्री सगळं वाचलं, मग बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

@नवा_गडी, घटस्फोट झाला नव्हता :) बाबा बोटीवर होते, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रात. ते आत्ता बलकांवात बसले आहेत आणि म्हणताहेत की गावात असं बोलतात हे त्यांना चाळीस वर्षांपासून माहीत आहे आणि आईलाही माहीत होतं, ती म्हणायची बोलूंदे, धंद्याला बरं पडतं.

लोकांनी खूप चांगलं लिहिलंय म्हणून दोन-तीन गोष्टी सांगते, नाहीतर तुम्ही तिचा फोटो देव्हाऱ्यात लावाल. आईला स्वयंपाक यायचा नाही. म्हणजे अगदीच यायचा नाही. तिची सोलकढी फाटायची. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी रात्री उंडे (पाव) आणि अंड्याची पोळी असते. ती आमच्याशी पण साक्षीदारासारखीच बोलायची, "हो की नाही एवढंच सांग, कारण मी विचारलेलं नाही." मी बारावीत असताना तिच्याशी सहा महिने नीट बोलत नव्हते, कारण एका रविवारी मी म्हटलं या सगळ्या दुसऱ्यांच्या मुलांमुळे आपल्या घरात आपल्याला जागा नाही. तिनं ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी मुलं परत आली. ते मला बराच काळ पटलं नव्हतं. पूर्ण पटलंय असं आजही म्हणवत नाही. पण @एसीवाला, तू माझ्या भावाचं सायकलचं चाक वाकवलं होतंस ना? मला आठवलं.

भाऊ लहानपणी अडखळत बोलायचा, फार. शाळेत चिडवायचे. कुणी म्हणे तोंडात गोटी ठेवा, कुणी म्हणे अमक्या देवळात कौल लावा. आईनं काय केलं, गोवा सरकारचं राजपत्र आणायची आणि रोज रात्री त्यातल्या सूचना त्याला मोठ्यानं वाचायला लावायची. त्या वाक्यांना शेवटच नसतो. "ज्याअर्थी" म्हणून सुरू होतात ते पान संपेपर्यंत "त्याअर्थी" येत नाही. ती म्हणायची श्वास कुठे घ्यायचा ते तू ठरव, सरकारनं ठरवलेलं नाही. ती समोर बसून बँड इस्त्री करायची, गळ्याचे ते पांढरे, ते ती कुणालाच धुवू द्यायची नाही. पावसाळ्यात ते फ्रीजच्या मागच्या जाळीवर वाळत टाकायची. अडीच-तीन वर्षं हे चाललं. चांदर, केपे, सत्तरी, कुठे कुठे जमिनी संपादन होताहेत ते आम्हाला तोंडपाठ. आता तो बोलायला लागला की थांबत नाही, वहिनीची तीच तक्रार आहे.

आमच्या शाळेच्या गॅदरिंगला ती काळ्या कोटातच यायची, कोर्टातून थेट, मागच्या रांगेत. मला लाज वाटायची. एकदा नाटकात मी ओळ विसरले आणि मागच्या अंधारात तो पांढरा बँड तेवढा दिसला, बाकी आई दिसत नव्हती, नुसता बँड. मग ओळ आठवली.

ती जायच्या आधी फार त्रास झाला नाही. शेवटच्या आठवड्यात पण माझ्या मुलीला विचारत होती, तुझ्या बाबाला तुझ्या बुटाचा नंबर माहीत आहे का. माझ्या नवऱ्यानं बरोबर सांगितला. घोकून ठेवला होता त्यानं.

आता कामाचं. ऑफिस या महिन्याअखेर बंद करतोय. बऱ्याच जणांची मूळ कागदपत्रं तिच्याकडे राहिली आहेत, विक्रीखतं, जन्माचे दाखले, रजिस्टरच्या नकला. तिच्या ज्युनियरनं सगळं लावून ठेवलंय, ओळखपत्र घेऊन शनिवारी या, दहा ते एक. कुणाचं दुसऱ्याच्या हातात देणार नाही. टपालानं पाठवणार नाही.

सरकारी_बाबू
बाय, तुझी आई मला कधी कधी डोकेदुखी वाटायची हे मी वर लिहिलंय ते खोडत नाही. बाबांना नमस्कार सांग. मी शनिवारी येईन, कागद नाहीत माझे काही, असाच येईन.

अर्ध्याचा_मालक
माझ्या बायकोचे, म्हणजे आधीच्या, काही कागद असतील. ती आता बेळगावला असते, तिला कळवतो. फोन नंबर आहे माझ्याकडे.

एसीवाला
चाक वाकवलं होतं ताई, खरं आहे. शनिवारी येतो. ऑफिसचा एसी काढायचा असेल तर मी काढून देतो, पैसे नको. तो मीच बसवलेला आहे.

तिची_थोरली
@एसीवाला, काढायचाच आहे. शिडी आहे आमच्याकडे. पैसे घ्यावे लागतील, पावतीसकट, नाहीतर ती जिन्यात उभी राहील.

शुक्रवारचा_बाजार
ताई, एक विचारायचं होतं, वेडेपणा वाटेल. त्या याद्या जपून ठेवल्या होत्या का हो? त्या अकरा पानांची नक्कल मी काढली नव्हती. केस संपली, सगळं झालं, कागद म्हणून आता काही किंमत नाही त्याला. पण बघायला आवडेल.

तिची_थोरली
हो. तुमचं वाचल्यावर ज्युनियरला विचारलं. फायलींत नाहीत, वेगळ्या आहेत, पत्र्याच्या ट्रंकेत, सगळ्या याद्याच याद्या, ट्रंक दोघांनी उचलावी लागली. आम्ही वाचत बसलो नाही. पण वर नाव नसलेल्या थोड्या आहेत त्या कुणाच्या ते बघावं लागलं. त्यातल्या एकीत "रगडो (नवऱ्याच्या आजीचा)" आहे. पानं अकराच आहेत. पुढे लाल पेन्सिलीनं खूण आहे, पण बाकीच्यांसारखी बरोबरची नाही, प्रश्नचिन्ह आहे.

शुक्रवारचा_बाजार
माझीच. ते प्रश्नचिन्ह आठवलं. अर्धा कसा करायचा ते नव्हतं ते, कायद्याचं नव्हतंच. त्यांनी विचारलं होतं, "हो तूं व्हरतली कशी?", हा तू नेणार कसा. मी म्हटलं होतं, नाही नेणार, जड आहे, तिथेच राहूदे.

शनिवारी दहाच्या बसनं येते. येताना मिरच्यावालीला पण घेऊन येते, तिचेही कागद आहेत म्हणे, एकटी यायला लाजते.